सपाट मुलखातील प्रेक्षणीय स्थळे

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, हा आकडा आपण सर्वांनी शाळेत कधी ना कधी घोकलेला असतो. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे, आणि त्यात ब्वेनोस आइरेस नावाचा प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ ३,०७,५७१ चौरस किलोमीटर. हे दोन मुलूख एकमेकांवर अंथरले तर एखाद्या लहानशा तालुक्याइतकाही फरक उरत नाही. साम्य मात्र तेथेच संपते. आपल्याकडे अकरा कोटींहून अधिक माणसे राहतात, तिकडे पावणेदोन कोटी. आणि त्यांतील निम्म्याहून अधिक राजधानीला लागून असलेल्या उपनगरांत दाटीने राहतात. बाकीचा प्रांत म्हणजे गवत, गहू, गुरे आणि आभाळ. सह्याद्री नाही, घाट नाही, लेणी नाहीत, किल्ले नाहीत. दक्षिणेच्या एका डोंगररांगेतील सर्वांत उंच शिखर १,२३९ मीटरांचे; आपले कळसूबाई त्याच्या डोक्यावरून चारशे मीटर वर जाते.

अशा सपाट मुलखात माणसाने पाहावे तरी काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि तरीही शनिवार-रविवारी राजधानीतील माणसे शिदोरी बांधून या प्रांतात हिंडायला निघतात. ती काय पाहतात याची यादी आम्ही जुळवू लागलो, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. या प्रांतातील प्रेक्षणीय स्थळांपैकी बरीचशी आधी मोडलेली आहेत. जे मोडले, हाकलले किंवा बुडाले, तेच मागाहून पुसूनपासून लोकांना दाखवण्यासाठी मांडले गेले.

तांदिल गावचा दगड हे याचे अगदी बाळबोध उदाहरण. तेथे टेकडीच्या कड्यावर सुमारे तीनशे टन वजनाची एक शिळा अशी काही तोलून उभी होती की ती हळूहळू झुलत असे. तिच्याखाली बाटली ठेवायची आणि शिळेच्या झोक्याने ती फुटताना पाहायची, हा पाहुण्यांचा आवडता खेळ. २९ फेब्रुवारी १९१२ रोजी ती शिळा कोसळली आणि तिचे तुकडे झाले. पुढे पंचाण्णव वर्षांनी, २००७ साली, गावकऱ्यांनी त्याच जागी तिची प्रतिकृती बसवली. ती झुलत नाही. लोक पाहायला येतातच.

हे झाले निसर्गाचे. माणसांचे काय झाले ते पाहण्यासाठी राजधानीपासूनच निघावे.

राजधानीच्या उत्तरेस नदीकाठी सान इसिद्रो हे गाव आहे. नदी म्हणायची ती नावाला. पैलतीर दिसत नाही आणि पाणी पिवळसर गढूळ. पूर्वी श्रीमंतांच्या बागबंगल्यांचे हे ठिकाण. उन्हाळा आला की जहागिरदारांची कुटुंबे शहर सोडून येथे येत. नोव्हेंबर १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर पेरू देशाच्या स्वातंत्र्यसमराच्या शतसांवत्सरिक उत्सवाला निघाले असता वाटेत आजारी पडले आणि ब्वेनोस आइरेसला उतरले. व्हिक्टोरिया ओकांपो या चौतीस वर्षांच्या विदुषीने त्यांना सान इसिद्रोतील मिरालरिओ नावाच्या घरी ठेवून घेतले. घर तिचे नव्हते. भाड्याची सोय करण्यासाठी तिने आपला एक हिरेजडित शिरोभूषणाचा दागिना विकला. कवी जानेवारी १९२५ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले. पेरूला जाणे झालेच नाही. 'पूरबी' हा काव्यसंग्रह त्यांनी तिलाच 'विजया' या नावाने अर्पण केला. ज्या आरामखुर्चीत ते नदीकडे पाहत बसत, ती खुर्ची ओकांपोबाईंनी त्यांच्याबरोबर बोटीवर चढवली. खोलीच्या दारातून ती आत जाईना, तेव्हा दार काढायला लावले. ती खुर्ची शांतिनिकेतनात आहे, आणि ओकांपो घराण्याचा १८९१ सालचा बंगला, जो बाईंनी १९७३ साली युनेस्कोला देऊन टाकला, तो सान इसिद्रोत पाहावयास मिळतो. एका भारतीयाने येथे येऊन प्रथम हेच पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु या बंगल्यांना पैसा कोठून आला, हे पाहायचे तर आत, मैदानांत शिरले पाहिजे.

पश्चिमेला सुमारे सत्तर किलोमीटरांवर लुहान आहे. १६३० साली एका बैलगाडीतून मेरीमातेची छोटी मूर्ती नेली जात असता गाडी येथे अडली आणि मूर्ती उतरवेपर्यंत हलेना, अशी कथा. मूर्तीची सेवा मान्वेल नावाच्या एका आफ्रिकी गुलामाने जन्मभर केली. १८८७ साली पायाभरणी झालेल्या मंदिराचे मनोरे १०६ मीटर उंच गेले आहेत, आणि १९७५ पासून दरवर्षी लाखो तरुण राजधानीहून रात्रभर पायी चालत येथे येतात. वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मात्र आमचे लक्ष मंदिराशेजारच्या संग्रहालयातील एका लहानशा इंजिनावर खिळते. त्याचे नाव 'ला पोर्तेन्या'. इंग्लंडातील लीड्स येथे बांधलेल्या या इंजिनाने २९ ऑगस्ट १८५७ रोजी अर्जेंटिनातील पहिली आगगाडी ओढली. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर चार वर्षांनी. तेथील रुळांचे अंतर पाच फूट सहा इंच, आपल्या ब्रॉडगेजइतकेच. त्यामुळे हे इंजिन मुळात हिंदुस्थानासाठी बांधले होते अशी एक दंतकथाही तिकडे चालते. तिला पुरावा नाही, पण ती चालावी यात नवल नाही. दोन्हीकडे रूळ टाकणारा हात आणि भांडवल एकाच देशाचे होते. कापूस मुंबईला आणण्यासाठी आपल्याकडे रूळ पसरले, लोकर, गहू आणि मांस बंदराला आणण्यासाठी तिकडे. माणसांची सहल हा त्या व्यापारातील वरकड लाभ.

लुहानहून पुढे वायव्येस गेले की सान आंतोनिओ दे आरेको लागते. राजधानीपासून सुमारे एकशे तेरा किलोमीटर. एक दिवसाच्या सहलीला याहून लोकप्रिय गाव या प्रांतात क्वचितच असेल. १८५७ सालचा जुना पूल, बुटक्या विटांची घरे, चांदीचे कारागीर आणि मुख्य म्हणजे गाउचो. गाउचो म्हणजे या मैदानातील घोडेस्वार गुराखी. ढगळ तुमान, कमरेला चांदीच्या नाण्यांचा पट्टा, पाठीकडे खोचलेला सुरा. आसपासच्या एस्तान्सिआंत, म्हणजे हजारो एकरांच्या गुरांच्या जहागिरींत, पाहुण्यांसाठी दिवसभराचा बेत असतो. निखाऱ्यावर तासन् तास भाजलेले मांस, 'माते' नावाचा कडू पाला घालून नळीने ओढायचे गरम पाणी, आणि दुपारी घोड्यांचे खेळ. त्यांत एका आडव्या दांड्याला अंगठीएवढी कडी टांगतात आणि घोडा भरधाव सोडून स्वार हातातील काडीने ती उचलतो. आपल्या मेख उपटण्याच्या खेळाचा हा भाऊच. पाहणाऱ्याचे भान हरपते यात शंका नाही.

पण या गाउचोचे या प्रांताने काय केले? १८१५ साली येथील सरकारने फर्मान काढले की ज्याच्या नावावर जमीन नाही तो चाकर समजला जाईल. त्याने मालकाची चिठ्ठी जवळ बाळगावी. चिठ्ठी नसेल तर तो उनाड ठरेल आणि उनाडाला पाच वर्षे फौजेत. ज्याचा जन्म मोकळ्या रानात गेला, ज्याला कुरणाची हद्द ठाऊक नव्हती, तो एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी गुन्हेगार झाला. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि त्यांना हजेरी लावायला लावली, त्याची येथे आठवण होते. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावे लागले. तिकडे कायद्याच्या जोडीला तार आली. १८४५ च्या सुमारास न्यूटन नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने या प्रांतात पहिले तारेचे कुंपण घातले, आणि तीस-चाळीस वर्षांत मोकळे रान संपले. सरहद्दीवरील ठाण्यांवर जबरीने पाठवलेल्या अशा एका गाउचोची कैफियत होसे एर्नान्देस याने १८७२ साली 'मार्तिन फिएरो' या काव्यात मांडली. ती लोकांनी डोक्यावर घेतली. तोवर गाउचो जवळजवळ संपलाच होता.

मग त्याचे देव्हारे सुरू झाले. आरेकोतील एका जहागिरदार घराण्यातील रिकार्दो ग्विराल्देस याने १९२६ साली 'दोन सेगुंदो सोंब्रा' ही कादंबरी लिहिली. तीत गाउचो हा गुन्हेगार नाही, गुरू आहे. ग्विराल्देस तरुणपणी हिंदुस्थानात येऊन गेला होता. शेवटच्या काळात त्याला आपल्याकडील तत्त्वज्ञानाचा ध्यास लागला. पुन्हा इकडे यावे म्हणून तो निघालाही, पण १९२७ साली पॅरिसमध्येच वारला. त्या कादंबरीतील गुरुशिष्याच्या नात्याला या ध्यासाचा थोडा रंग असावा असे आम्हांला वाटते. १९३८ साली आरेकोत त्याच्या नावाने गाउचोंचे संग्रहालय उघडले. पुढच्या वर्षी प्रांताने कायदा करून एर्नान्देसचा जन्मदिवस, १० नोव्हेंबर, हा 'परंपरादिन' ठरवला. ज्याला चिठ्ठीशिवाय गावात फिरता येत नव्हते त्याची आता वाजतगाजत मिरवणूक निघते. तो ज्याच्या जमिनीवर घोडा फेकतो ती जमीन मात्र पूर्वी ज्यांची होती बहुधा त्यांच्याच वारसांची आहे.

आता दक्षिणेला वळू. राजधानीपासून साठेक किलोमीटरांवर ला प्लाता हे प्रांताचे मुख्य शहर आहे. १८८० साली ब्वेनोस आइरेस शहर राष्ट्राची राजधानी म्हणून प्रांतापासून तोडले गेले, तेव्हा प्रांताला स्वतःची राजधानी हवी झाली. गव्हर्नर दार्दो रोचा यांनी १९ नोव्हेंबर १८८२ रोजी उघड्या माळावर कोनशिला बसवली. पेद्रो बेनोइत याने आखलेले हे शहर म्हणजे कागदावर पट्टीने काढलेला चौरस. रस्त्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. कर्णरेषांसारखे तिरपे मार्ग शहर कापत जातात. दर सहा गल्ल्यांनंतर एक चौक किंवा बाग. अनोळखी माणूस या तिरप्या रस्त्यांत हमखास चुकतो, आणि तेथील लोक त्याची मौज पाहतात.

या शहराचे भूषण म्हणजे तेथील निसर्गविज्ञानाचे संग्रहालय. दाराशी सुळ्यांच्या वाघांचे दगडी पुतळे. आत या मैदानातच सापडलेले प्रचंड सांगाडे, कासवासारखी पाठ असलेले हत्तीच्या पिल्लाएवढे प्राणी, हत्तीएवढे अस्वलासारखे प्राणी. शाळेची मुले रांगा लावून येतात, आणि त्यांनी यावेच. संस्थापक फ्रान्सिस्को मोरेनो हा मोठा प्रवासी. दक्षिणेकडील पातागोनियाचे डोंगर, सरोवरे त्याने धुंडाळली, आणि त्या प्रवासांत ज्या स्थानिक नायकांनी त्याला आसरा दिला त्यांत एक होता इनाकायाल.

१८७९ साली सेनापती रोका याने मैदानांतील मूळ रहिवाशांवर स्वारी केली. तिला 'ओसाड प्रदेशाचा विजय' असे नाव आहे. प्रदेश ओसाड असता तर तो जिंकावा कशाला लागला असता, हे कोणी विचारले नाही. स्वारीचे लोण पुढे दक्षिणेत पोचले. इनाकायाल शेवटी शरण गेला आणि आपल्या माणसांसह कैद झाला. मोरेनोने खटपट करून १८८६ मध्ये त्याला, त्याच्या बायकोला आणि काही आप्तांना कैदेतून सोडवून ला प्लाताच्या संग्रहालयात आणले. उपकाराची फेड म्हणून आणले, असे मोरेनोचे चाहते म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण ती माणसे संग्रहालयाच्या इमारतीतच राहू लागली. त्यांची मापे घेतली गेली, छायाचित्रे काढली गेली. बायका तेथेच विणकाम आणि कामधाम करीत. सप्टेंबर १८८८ मध्ये इनाकायाल वारला. क्लेमेन्ते ओनेल्ली याने लिहून ठेवले आहे की त्या संध्याकाळी तो जिन्याच्या माथ्यावर आला, अंगावरचे गोऱ्यांचे कपडे त्याने काढून टाकले, मावळत्या सूर्याला आणि मग दूर दक्षिणेला हात केला, काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. दोन महिन्यांनी संग्रहालयाचे दरवाजे जनतेसाठी उघडले. इनाकायालला पुरले नाही. त्याची हाडे, त्याचा मेंदू, त्याच्या डोक्याची कातडी ही सर्व संग्रहाची मालमत्ता झाली. हाडे १९४० पर्यंत काचेच्या कपाटात होती. रविवारी मुलाबाळांना घेऊन आलेले लोक जसे प्राचीन प्राण्यांचे सांगाडे पाहत, तसाच तोही पाहत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. त्या काळचे शास्त्रच तसे होते, युरोपात हेच चालले होते, मग एकट्या ला प्लाताला दोष का? दोष एकट्याचा नाही हे खरे. परंतु लंडन-पॅरिसच्या कपाटांतील माणसे बहुधा दुरून आणलेली अनोळखी माणसे होती. येथे कपाटातला मनुष्य हा संस्थापकाचा यजमान होता. ज्याच्या राहुटीत आपण जेवलो त्याचा सांगाडा आपल्या दालनात उभा आहे, हे ठाऊक असून दालन चालू राहिले. आणि याला शास्त्राचा काळ हे पुरेसे उत्तर आहे असे आम्हांला वाटत नाही.

मागणी करीत राहिले ते त्या लोकांचे वंशज. १९९४ साली इनाकायालच्या अस्थी दक्षिणेत तेका या गावी नेऊन पुरल्या गेल्या. मेंदू आणि इतर अवशेष मात्र संग्रहालयातच राहून गेले होते. ते आणि त्याच्या बायकोचे अवशेष २०१४ साली परत गेले. २००६ मध्ये संग्रहालयाने अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे सर्व मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. आज तेथे जाणाऱ्याला ती कपाटे दिसत नाहीत. दगडी वाघ आहेत, सांगाडे आहेत, आणि तो जिनाही आहे.

आतापर्यंतचे ऐकून या प्रांतात सहलीला जाणे म्हणजे सुतकाला जाणे, असे कोणाला वाटू लागले असेल. तसे नाही. समुद्रकिनाऱ्यावर अगदी निराळी कथा घडली आहे. मार देल प्लाता हे गाव १८७४ साली वसले, १८८६ मध्ये तेथे आगगाडी पोचली, आणि १८८८ साली ब्रिस्टल नावाचे आलिशान हॉटेल उघडले. राजधानीपासून चारशे किलोमीटर. जहागिरदारांनी तेथे नॉर्मन, इंग्रजी, फ्रेंच धाटणीचे बंगले बांधले. समुद्रस्नान हा गौण भाग. मुख्य उद्योग म्हणजे किनाऱ्यावरच्या सज्जावर संध्याकाळी एकमेकांची उंची वस्त्रे पाहणे. सामान्य माणसाने तेथे दिसायचे ते ताटे उचलताना.

१९३८ साली राजधानीपासून पक्की सडक झाली. त्याच सुमारास १९१३ सालचा फ्रेंच थाटाचा सज्जा पाडून आलेहांद्रो बुस्तिल्यो याने विटा-दगडांच्या दोन भव्य इमारती आणि मोठा उघडा चौक उभारला. पायऱ्यांवर फिओराव्हान्तीने घडवलेले दोन दगडी समुद्रसिंह आजही बसलेले आहेत. हे काम केले ते निवडणुकांत लबाडी करून सत्तेवर बसलेल्या पुराणमतवादी गव्हर्नराच्या राजवटीत, ही इतिहासाची एक थट्टा. मग जानेवारी १९४५ मध्ये कामगारांना सरसकट भरपगारी वार्षिक रजा देणारे फर्मान निघाले. त्या वेळी पेरोन मजूरखात्याचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीबद्दल पुष्कळ कठोर बोलता येईल, आणि अर्जेंटिनात लोक ते बोलतातच. पण ज्याच्या बापाने गिरणीत किंवा मांसाच्या कारखान्यात जन्म काढला आणि चारशे किलोमीटरांवरचा समुद्र कधी पाहिला नाही, असा मनुष्य बायकापोरांसह मार देल प्लाताच्या वाळूत उतरला, तो या रजेमुळे. कामगारसंघांनी हॉटेले विकत घेतली. जेथे पूर्वी श्रीमंत उतरत त्या खोल्यांत आता रेल्वेतील फिटर आणि दुकानातील विक्रेते उतरू लागले. गावाच्या दक्षिणेस चापादमालाल येथे सरकारने समुद्रकाठी नऊ हॉटेलांची वसाहत बांधली. ती २०१३ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. श्रीमंतांनी नाके मुरडली आणि दुसरे किनारे शोधले. भर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, ब्रिस्टल किनाऱ्यावर टॉवेल अंथरायला जागा मिळत नाही, अशी तक्रार तिकडे नेहमी ऐकू येते. आमच्या मते त्या तक्रारीइतके सुंदर दृश्य या प्रांतात दुसरे नाही. १ मार्च १९४८ रोजी इंग्रजांच्या रेल्वे अर्जेंटिनाने ताब्यात घेतल्या. १९९३ साली त्याच देशाच्या सरकारने लांब पल्ल्याच्या बहुतेक उतारू गाड्या बंद करून टाकल्या, आणि कितीएक गावांची स्टेशने गवतात बुडाली. मार देल प्लाताची गाडी मात्र टिकून राहिली.

शेवटचे ठिकाण एका दिवसात जाऊन येण्यासारखे नाही. प्रांताच्या पश्चिम टोकाला, राजधानीपासून पाचशे किलोमीटरांहून दूर, कारुए गाव आणि त्याच्याजवळ एपेकुएन नावाचे समुद्राहून कितीतरी खारट सरोवर आहे. काल्फुकुरा या बलाढ्य नायकाचा हा मुलूख. त्याने १८७३ साली मरताना कारुए सोडू नका असे आपल्या माणसांना बजावले, असे सांगतात. तीनच वर्षांनी युद्धमंत्री आल्सिना याने कारुए घेतले आणि मैदानातून सुमारे पावणेचारशे किलोमीटर लांबीचा खंदक खणायला घेतला, मूळ रहिवाशांनी गुरे पळवून नेऊ नयेत म्हणून. सरोवराच्या काठी १९२१ पासून औषधी स्नानांचे गाव वसू लागले. खाऱ्या पाण्यात माणूस न पोहता तरंगतो. सांधेदुखीचे लोक आगगाडीने येत. दीडेक हजार वस्तीच्या गावात एका हंगामात वीस-पंचवीस हजार पाहुणे उतरत.

पाणी आटू लागले म्हणून १९७० च्या दशकात वरच्या सरोवरांतून कालवा काढून पाणी आणले. कालव्याचे पुढचे नियंत्रणाचे काम १९७६ च्या लष्करी उठावानंतर अर्धवटच राहिले, आणि मग एकामागून एक ओली वर्षे आली. गावापुढे मातीचा बांध घातला. पाणी चढे तसतसा बांध चढवला. १० नोव्हेंबर १९८५ रोजी बांध फुटला. तो आरेकोतल्या मिरवणुकीचा, परंपरादिनाचाच दिवस. कोणी बुडून मेले नाही. पाणी पायरीपायरीने वाढत गेले आणि लोकांना गाद्या, दरवाजे, खिडक्यासुद्धा उचलून नेता आल्या. पुढे गावावर जवळजवळ दहा मीटर पाणी उभे राहिले. वीसेक वर्षांनी ते ओसरू लागले तेव्हा खालून मिठाने पांढरे झालेले गाव वर आले. वठलेली झाडे रांगेने उभी, हॉटेलांचे जिने आभाळाकडे जाऊन थांबलेले, सालामोने या शिल्पज्ञाने १९३० च्या दशकात बांधलेल्या कत्तलखान्याचा मनोरा तेवढा शाबूत. एक म्हातारा रहिवासी त्या अवशेषांजवळ परत येऊन एकटाच राहिला. सायकलवरून हिंडून पाहुण्यांना तो गाव दाखवीत असे, २०२४ साली वारेपर्यंत. आता लोक कारुएला मुक्काम करतात, सकाळी सरोवरात तरंगतात आणि दुपारी पांढऱ्या गल्ल्यांतून फिरतात. ज्यांची घरे तेथे होती त्यांपैकी काही आजही कारुएत राहतात, आणि बुडालेल्या घराच्या उंबरठ्यावर नातवंडांना उभे करून येथे स्वयंपाकघर होते, येथे पाहुण्यांची खोली, असे सांगतात.